जंतूंची जबानी

घरात दोन-अडीच वर्षांचे मूल असावे, त्यास तीन-चार दिवस सर्दीने घेरलेले असावे, आणि मध्यरात्री एकाएकी त्याने घर डोक्यावर घ्यावे, की घरातल्या वडील बाईस दिवा लावण्याच्या आधीच कारण उमगत असे. मूल कानाशी हात नेते, आडवे केले की अधिकच किंचाळते, अंग तापाने फणफणलेले असते. मग लसणीची पाकळी टाकून तेल कोमट करावे, त्याचे दोन थेंब कानात सोडावेत, फडक्याची घडी तव्यावर गरम करून कानामागे शेक द्यावा, असा तो परंपरागत बंदोबस्त. पहाटे केव्हा तरी उशीवर पिवळसर ओल दिसे, मूल गाढ झोपी जाई, आणि कान फुटला एवढे म्हणून घरातली माणसे पुन्हा अंथरुणावर पडत. पडदा फाटून आत कोंडलेला पू वाहून गेला म्हणजे ठणका थांबतो, हे त्या बाईस कोणी शिकविले नव्हते. पण बहुतेक वेळा गोष्ट इतक्यावरच मिटते, हे तिने पुष्कळ मुलांच्या बाबतीत पाहिलेले होते. ज्या वेळी ती मिटत नसे, त्या वेळी काय होई, याची नोंद मात्र वैद्यकाच्या फार जुन्या दप्तरांत सापडते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग गणलेले आहेत, आणि त्यांत कर्णशूल, कर्णस्राव, कर्णपाक व पूतिकर्ण ही प्रकरणे निरनिराळी ठेवली आहेत. डोक्यास मार लागल्याने, पाण्यात बुडी मारल्याने अथवा आतील विद्रधी म्हणजे गळू पिकल्याने कान वाहतो, असा कारणांचा विभागही तेथे केलेला आहे. ग्रीसमधील हिपोक्रेटिसच्या परंपरेतील रोगनिदानाच्या ग्रंथात तीव्र ज्वरासह येणाऱ्या कर्णशूलास भय मानावे असे बजावून, असा रोगी तरुण असल्यास सातव्या दिवशी अथवा त्यापूर्वीही दगावतो, वृद्ध मात्र अधिक दिवस काढतो, असे निरीक्षण नोंदविले आहे. या निरीक्षणाची किंमत फ्रान्सच्या राजघराण्यास 1560 साली मोजावी लागली. स्कॉटलंडची राणी मेरी हिचा पती आणि फ्रान्सचा राजा दुसरा फ्रान्सिस हा वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी कानामागील गळवाने मृत्यू पावला. दरबारी त्या काळातील युरोपचा अग्रगण्य शस्त्रवैद्य आँब्रुआझ पारे हजर होता, परंतु त्याच्याही हातून काही होऊ शकले नाही. एका कानातील पुवाने दोन राज्यांच्या राजकारणाचा ओघ पालटला, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

त्याच सुमारास रोममध्ये बार्तोलोमेओ युस्ताकी या शरीरशास्त्रज्ञाने कानाची पोकळी आणि घशाचा मागील भाग यांस जोडणाऱ्या नलिकेचे तपशीलवार वर्णन केले, आणि बालकांच्या या व्याधीची खरी किल्ली, त्यास कल्पना नसताना, पुढील पिढ्यांच्या हाती दिली. पडद्यामागील मध्यकर्ण ही वाटाण्याएवढी हवेची खोली होय. तिला बाहेरच्या बाजूने पडद्याचा अडसर आहे आणि आतल्या बाजूने हीच एक वाट. प्रौढ माणसात ही नलिका लांब आणि उतरती असते. लहान मुलात ती आखूड, रुंद आणि जवळजवळ आडवी असते, त्यामुळे सर्दीने नाकाघशात माजलेल्या जंतूंस वर जाण्यास मोकळीक मिळते आणि नलिकेचे तोंड सुजले की आतील स्रावास खाली उतरण्याची वाट बंद होते. म्हणजे ज्या ठिकाणी जंतू आहेत त्या ठिकाणी वैद्याची दृष्टी पोहोचत नाही, आणि पडद्यास भोक पाडल्यावाचून आतील द्रवाचा थेंबही हाती लागत नाही. या रोगाच्या चिकित्सेचा पुढील सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरलेला आहे. कोणता जंतू आत बसला आहे आणि तो कोणत्या औषधास दबतो, हा प्रश्न विचारणे तत्त्वतः अगदी सोपे, व्यवहारात मात्र जवळजवळ अशक्य. म्हणून वैद्यकाने तो बहुधा विचारलाच नाही, अंदाजाने उत्तर गृहीत धरले, आणि उत्तर बदलले तेव्हा ते बदलल्याचे कळण्यास फार उशीर झाला.

जंतूंचे ज्ञान होण्यापूर्वी पुवास वाट करून देणे हाच एक उपाय होता. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झां-लुई पेती याने कानामागील हाड उघडून पू काढण्याची क्रिया यशस्वी केली. परंतु 1791 साली डेन्मार्कच्या राजाचा वैद्य बॅरन फॉन बर्गर याने बहिरेपणावर इलाज म्हणून तीच क्रिया स्वतःवर करवून घेतली आणि तो दगावला, तेव्हा ती शस्त्रक्रिया जवळजवळ शंभर वर्षे बदनाम होऊन पडली. 1801 च्या सुमारास लंडनमध्ये ॲस्ली कूपर याने बहिरेपणासाठी पडद्यास छिद्र पाडून पाहिले. डब्लिनमधील विल्यम वाइल्ड याने कानाच्या रोगांवर 1853 साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि कानामागील सुजेवर तो ज्या ठिकाणी चिरा देई त्यास पुढे त्याचेच नाव पडले. या वाइल्डचा मुलगा म्हणजे नाटककार ऑस्कर वाइल्ड. तो 1900 साली पॅरिसमध्ये वारला तो मेंदूपर्यंत पोहोचलेल्या दाहाने, आणि त्या दाहाचा उगम त्याच्या कानाच्या जुनाट विकारात होता, असे पुष्कळ वैद्यकीय इतिहासकार मानतात. बापाने ज्या रोगाचे शास्त्र रचले त्या रोगाने मुलगा जावा, हा योग नाटककाराने आपल्या नाटकात घातला असता तर समीक्षकांनी त्यास कृत्रिम म्हटले असते. हाले येथील हेर्मान श्वार्त्से याने 1873 साली हाड उघडण्याच्या क्रियेस शास्त्रशुद्ध रूप दिले, आणि तेव्हापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कानामागे खोल व्रण असलेले मूल ही युरोप-अमेरिकेतील इस्पितळांत नित्याची गोष्ट होऊन बसली.

प्राग येथील एमान्युएल त्साउफाल याने 1887 साली फुटक्या कानाच्या पुवात न्यूमोनियाचा जंतू, म्हणजेच न्यूमोकॉकस, ओळखला, आणि पडद्यामागील आरोपीचे नाव प्रथमच दप्तरी दाखल झाले. 1892 साली रिखार्ड फायफर याने बर्लिनमध्ये दुसरा एक अतिसूक्ष्म दंडाकृती जंतू इन्फ्लुएंझाच्या रोग्यांत सापडल्याचे जाहीर केले. इन्फ्लुएंझास तोच कारणीभूत आहे ही त्याची समजूत पुढे चुकीची ठरली, तरी हिमोफिलस इन्फ्लुएंझी हे नाव त्यास चिकटले ते चिकटलेच, आणि बालकांच्या मध्यकर्णात न्यूमोकॉकसच्या खालोखाल त्याचाच अंमल असतो हे कालांतराने सिद्ध झाले. तिसरा, मोराक्सेला कॅटार्हालिस, हा बराच काळ निरुपद्रवी घशातला रहिवासी म्हणून सोडून दिला जात असे. त्याचे नाव गुन्हेगारांच्या यादीत चढावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

या ठिकाणी एका निबंधाची आठवण अपरिहार्य होते. अलेक्झांडर फ्लेमिंग याने 1928 साली लंडनच्या सेंट मेरी इस्पितळात बुरशीभोवतीचे जंतू विरघळलेले पाहिले, ही गोष्ट शाळकरी मुलासही माहीत असते. परंतु 1929 साली त्याने जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच त्या बुरशीरसाचा एक विशेष उपयोग सांगितलेला आहे, आणि तो उपयोग फायफरच्या जंतूस इतरांतून निवडून काढण्याचा आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. घशातील स्राव तबकडीवर पसरला की इतर जंतूंची दाटी इतकी होते की हिमोफिलस त्यांत दिसेनासा होतो. पेनिसिलिनने ते इतर मरतात आणि हा मात्र तगतो, म्हणून पेनिसिलिन हे त्यास वेगळा काढण्याचे साधन. अर्थात पेनिसिलिनच्या जन्मपत्रिकेतच असे लिहिलेले होते की लहान मुलांच्या कानातील दुसऱ्या क्रमांकाच्या जंतूवर या औषधाची फारशी मात्रा चालणार नाही. पुढे हे औषध घरोघर पोहोचले तेव्हा ही ओळ वाचण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

तसदी न घेण्यास सबळ कारणही होते. 1935 साली जर्मनीत गेर्हार्ट डोमाक याने प्रॉन्टोसिल या रंगद्रव्याचा गुण जाहीर केला, सल्फा औषधांचे युग सुरू झाले, आणि कानामागील हाड उघडण्याच्या शस्त्रक्रिया झपाट्याने कमी होऊ लागल्या. त्यानंतर दुसरे महायुद्ध आणि पेनिसिलिन आले. ज्या डॉक्टरांनी आपल्या उमेदवारीच्या काळात मुलांच्या मेंदूत पू चढताना पाहिला होता, त्यांस एक सुई टोचून चोवीस तासांत ताप उतरताना पाहणे हा चमत्कारच होता, आणि चमत्काराची उलटतपासणी करण्यास कोणी धजत नाही. फ्लेमिंगने 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात, अपुरी मात्रा घेणारा मनुष्य जंतूंस शिकवून तयार करतो, असा इशारा दिला होता. तो ऐकला सर्वांनी, मानला फार थोड्यांनी.

आपल्याकडे पेनिसिलिन परदेशांतून येई आणि ते मोठ्या शहरांपलीकडे क्वचितच पोहोचे. स्वतंत्र भारताच्या सरकारने 1954 साली पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन केला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. आज पिंपरी म्हटले की मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे येतात, परंतु त्या गावाच्या औद्योगिक कीर्तीत या कारखान्याचा वाटा आरंभीचा आहे, आणि तेथील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवास स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना हे नाव मिळाल्याने त्या गावाचे नाव सूक्ष्मजीवशास्त्राच्या ग्रंथांत कायमचे गेले आहे. देशी पेनिसिलिन निघू लागल्यावर तालुक्याच्या गावातील डॉक्टरच्या कपाटातही रबरी बुचाच्या त्या चिमुकल्या बाटल्या दिसू लागल्या, आणि कान फुटलेल्या मुलास घेऊन आलेल्या बापास तेल घालू नका एवढे सांगून सुई टोचण्याचा शिरस्ता पडला.

1961 साली ॲम्पिसिलिन आले. त्याने पेनिसिलिनची मूळ उणीव भरून काढली, कारण हिमोफिलसही त्यास दबत असे. आणि 1970 नंतरच्या दशकात त्याचे सुधारलेले भावंड अ‍ॅमॉक्सिसिलिन हे गोड पातळ औषध म्हणून घरांत शिरले. कोरड्या भुकटीची ती बाटली, तीवरील खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालून हलविणे, दर आठ तासांनी एक चमचा. आणि दोन दिवसांत ताप उतरला म्हणजे उरलेले औषध फळीवर ठेवून देणे, पुढच्या महिन्यात धाकट्याचा कान ठणकला की तेच काढणे. काटकसर हा आपल्या मध्यमवर्गाचा सद्गुण खरा, पण जंतूंच्या बाबतीत त्यासारखा महाग पडणारा सद्गुण दुसरा नसेल.

ज्या कानातून पू खरोखरच गोळा होऊन प्रयोगशाळेत जातो, तेथे जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधास दबतो हा प्रश्न कसा विचारला जातो, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मेंढीचे रक्त मिसळलेल्या लालभडक आगरावर, म्हणजे जंतू वाढविण्याच्या घट्ट माध्यमावर, कापसाच्या बोळ्याने पू पसरतात आणि तबकडी कर्बवायूच्या वातावरणात रात्रभर उबेस ठेवतात. दुसऱ्या दिवशी न्यूमोकॉकस असेल तर बारीक ठिपक्यांभोवती हिरवट छटा दिसते. आणखी काही तास गेले की त्या ठिपक्यांचे मध्यभाग खचतात, कारण हा जंतू आपल्याच पाचकद्रव्याने स्वतःस विरघळवितो. हिमोफिलस साध्या रक्ताच्या तबकडीवर आपण होऊन वाढत नाही. रक्त तापवून, तांबड्या पेशी फुटून तपकिरी झालेले आगर त्यास लागते, अथवा शेजारी स्टॅफिलोकॉकसची वसाहत असेल तर तिने मोकळे केलेल्या द्रव्यावर तो तिच्या आसपासच थेंबांसारखा उगवतो. ज्या प्रयोगशाळेत असे तपकिरी आगर नसते तेथून जंतू आढळले नाहीत असा शेरा येतो आणि सर्वांचे समाधान होते. यानंतर जंतू आगरावर सारखा पसरून त्यावर औषधात भिजविलेल्या कागदी चकत्या ठेवतात. औषध चकतीतून चहूकडे झिरपते. जंतू त्यास दबत असेल तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ उरते, नसेल तर जंतू चकतीला भिडून वाढतो. सीॲटल येथील बाउअर, कर्बी आणि त्यांचे सहकारी यांनी 1966 साली ही पद्धत प्रमाणबद्ध केली, तेव्हापासून जगभर एकच मोजपट्टी चालू लागली. न्यूमोकॉकससाठी तर पेनिसिलिनची चकती वापरीतच नाहीत. एक मायक्रोग्रॅम ऑक्सॅसिलिनची चकती ठेवतात आणि वर्तुळ वीस मिलिमीटर वा अधिक भरले तर पेनिसिलिन चालेल असा निर्वाळा देतात. कमी भरले तर पुढील सूक्ष्म मापन करावे लागते. मिलिमीटरच्या या हिशेबात जंतूची जबानी उमटलेली असते.

ही जबानी 1967 साली प्रथम उलटली. ऑस्ट्रेलियात पेनिसिलिनला न जुमानणारा न्यूमोकॉकस रोग्यात आढळल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध झाले; मग पापुआ न्यू गिनीतून तशाच वार्ता आल्या; आणि 1977 साली दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे पेनिसिलिन व क्लोरॅम्फेनिकॉल या दोहोंस दाद न देणारे न्यूमोकॉकस मुलांत सापडले. हिमोफिलसने 1974 साली अमेरिकेत ॲम्पिसिलिनला दाद न देण्याचा पहिला ठळक पुरावा दिला, आणि मोराक्सेलाने तर थोड्याच वर्षांत असा पवित्रा घेतला की त्याच्या बहुसंख्य वाणांवर ॲम्पिसिलिन कुचकामी होऊन बसले.

तिघांनी औषध झुगारले खरे, परंतु तिघांची तऱ्हा एक नव्हती, आणि हा भेद चिकित्सकाने विसरता कामा नये. हिमोफिलस व मोराक्सेला औषध फोडून टाकणारे एक किण्व तयार करतात. ते किण्व निकामी करणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, जे स्ट्रेप्टोमायसेस क्लॅव्हुलिजेरस या सूक्ष्मजीवापासून निघते, अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या जोडीस दिले की त्यांचा बीमोड होतो. न्यूमोकॉकस मात्र किण्व बनवीत नाही. औषध ज्या प्रथिनांस जाऊन चिकटते ती प्रथिनेच तो बदलून घेतो; आणि त्या बदलाचे तुकडे तो घशातल्या इतर स्ट्रेप्टोकॉकस जातभाईंच्या जनुकांतून उचलतो. न्यूमोकॉकस दुसऱ्याचे गुण असे उचलू शकतो, हे लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ याने 1928 सालीच दाखविले होते. म्हणजे ज्या शहरात आणि ज्या वर्षी पेनिसिलिनचा शोध लागला, त्याच शहरात, त्याच वर्षी, त्यास निष्प्रभ करणाऱ्या युक्तीचाही शोध लागला, आणि या दोन शोधांची गाठ पडण्यास जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. न्यूमोकॉकसपुढे क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा काडीइतका उपयोग नाही. तेथे अ‍ॅमॉक्सिसिलिनची मात्राच वाढवावी लागते, म्हणून किलोमागे रोजी 40 मिलिग्रॅमचा जुना शिरस्ता सोडून अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 80 ते 90 मिलिग्रॅमचे माप ठरविले. ज्याने चिठ्ठीवर अधिक भारी दिसणारे नाव लिहिले त्याने अधिक बरे केले, ही समजूत या हिशेबात टिकत नाही.

याच काळात हॉलंडमधून एक अवघड प्रश्न आला. टिलबर्ग येथील फान बुखेम व त्यांचे सहकारी यांनी 171 मुलांचा अभ्यास 1981 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. काहींच्या पडद्यास छेद दिला, काहींस प्रतिजैविक दिले, काहींस दोन्ही दिले, काहींस यांपैकी काहीच दिले नाही, आणि निकालात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बहुतेक मुले आपोआपच बरी होतात, हे ज्या वडील बाईस ठाऊक होते तेच आकड्यांनी सिद्ध झाले म्हणावे, तर ते अर्धेच खरे. कारण दोन वर्षांखालचे दोन्ही कान सुजलेले मूल, फुटून वाहणारा कान, भारी ताप, यांस थांबून पाहण्याची मुभा नंतरच्या नियमांनीही सहसा दिलेली नाही. तरीही डच वैद्यकाने दोन-तीन दिवस वेदनाशामक देऊन वाट पाहण्याचा जो पायंडा पाडला, तो आज अनेक देशांनी काही अटींवर स्वीकारला आहे. आपल्याकडे तो रुजणे कठीण, कारण तीन दिवसांनी मुलास पुन्हा दाखवा, हे सांगणे सोपे, आणि रोजगार बुडवून तालुक्यास परत येणे महाग.

आपल्या खेडोपाडी याहून मोठे दुखणे निराळेच असते. एकदा फुटलेला कान न सांधता महिनोन्‌महिने वाहत राहिला, म्हणजे न्यूमोकॉकस व हिमोफिलस मागे पडतात आणि सूडोमोनास व स्टॅफिलोकॉकस तेथे ठाण मांडतात. सूडोमोनासवर गोड अ‍ॅमॉक्सिसिलिनची मात्रा चालत नाही. बाटल्यामागून बाटल्या रिचविल्या तरी कान वाहतच राहतो. स्वच्छ कापसाची वात करून कान दिवसातून अनेकदा टिपून कोरडा ठेवणे आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या वर्गातील थेंब त्यात सोडणे, हाच येथे मुख्य उपाय; आणि फाटलेल्या पडद्यावर तेल ओतणे हे येथे थेट अपायकारक.

गेल्या पंचवीस वर्षांत जंतूस जबाब विचारण्याऐवजी त्यास दाराबाहेरच अडविण्याची तजवीज सुरू झाली. न्यूमोकॉकसचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत. त्यांतील सात प्रकारांविरुद्धची लस अमेरिकेत 2000 साली आली, आणि गंमत अशी की औषधांस न जुमानणारे पुष्कळ वाण याच सात प्रकारांत मोडत असल्याने लसीने प्रतिरोधी जंतूंवरही घाला घातला. मात्र मोकळी झालेली जागा 19ए या प्रकाराने पटकाविली. तोही औषधांस न दबणारा निघाल्याने 2010 साली तेरा प्रकारांची लस आणावी लागली. भारतात ही लस 2017 पासून काही राज्यांत आणि 2021 साली देशभर शासकीय लसीकरणात दाखल झाली, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांविरुद्धची आपली लस 2020 च्या डिसेंबरात आणल्याने तिची किंमत खाली आली. हिमोफिलसविरुद्ध मुलांस जी लस दिली जाते ती त्याच्या कवच असलेल्या एका प्रकाराविरुद्ध आहे. कानात बसणारा हिमोफिलस बहुधा बिनकवचाचा असतो, त्यास ती लस स्पर्शही करीत नाही, म्हणून जेथे न्यूमोकॉकसची लस रुळली तेथे ठणकणाऱ्या कानांत हिमोफिलसचा वाटा वाढलेला दिसला. अशा मुलास पहिल्या औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर मात्रा वाढविण्यापेक्षा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड देणे अधिक शहाणपणाचे. आणि त्यानेही भागले नाही, तर कानाच्या डॉक्टरकडून पडद्यातून सुईने थेंबभर द्रव काढवून तो तपकिरी आगर असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठविणे.